जुना जोड

आमच्या भवानी पेठेत आषाढीच्या आठ-दहा दिवस आधी एक दिवस असा येतो, की गल्लीतल्या टपरीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे सकाळी लवकर दुकान उघडतात. त्या दिवशी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी तुळजापूर रस्त्याने शहरात येते. १९६८ पासून ही पायी वारी चालू आहे. कोरोनाची २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे सोडली तर तिच्यात खंड नाही. शेगाव ते पंढरपूर सुमारे ७०० किलोमीटरची वाट, महिनाभराची चाल. पालखीच्या मागेपुढे मराठवाड्यातल्या लहान लहान दिंड्याही असतात.

उळ्याचा मुक्काम हलवला की सोलापूर जेमतेम चार-पाच कोसांवर. म्हणजे या लोकांच्या हिशेबाने ही अर्ध्या दिवसाचीच चाल. दुपारी पाठीवरचं ओझं उतरतं आणि माणसं बाजारात शिरतात. पालखीबरोबर जेवणाखाण्याची सोय असते, पण सुई-दोरा, टॉर्चचे सेल, खोबरेल तेल, क्षारांच्या पुड्या, पावसासाठी प्लास्टिकचा कागद, चष्म्याची तुटलेली काडी हे ज्याचं त्याने पाहायचं असतं. अलीकडे मोबाईल चार्ज करायलाही ओट्यावर गर्दी होते. सोलापुरी चादर मात्र हात लावून, भाव विचारून पुन्हा घडी करून ठेवतात. चादरीला वजन असतं, आणि ते वजन पंढरपूरपर्यंत आपल्याच खांद्यावर न्यायचं असतं.

आमच्या अब्बांचं याच पेठेत आठ बाय दहाचं दुकान होतं. छत्री, बॅग, चेन दुरुस्ती. वारीच्या दिवसांत ते चपलांनाही टाके घालत. त्यांची शाळा चौथीपर्यंत. आम्ही बी.एड. झालो, उर्दू माध्यमाच्या शाळेत लागलो, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पण 'दुकानात बसत जा' असं कधी म्हणाले नाहीत आणि आम्हीही कधी बसलो नाही. खरं सांगायचं तर शाळेतले सहकारी त्या बाजूने जाताना दिसले की आम्ही आत सरकत होतो.

वारकऱ्यांकडून अब्बा पैसे घेत. दोन रुपये, पाच रुपये, पण घेत. आम्हाला ते खटकायचं. आम्ही एकदा म्हणालो, "अब्बा, कुराणात जकातीचे आठ हक्कदार सांगितलेत, त्यांत वाटसरूही आहे. मग यांच्याकडून पैसे कशाला?" ते टाका ओढता ओढता म्हणाले, "मुफ्त दिया तो अगले साल शरम से आएगा नहीं. मुसाफिर का बोजा नक्को बढाओ." आम्हाला ते दुकानदाराचं बोलणं वाटलं.

अब्बा गेले, त्यानंतरच्या पहिल्या वारीची ही गोष्ट. दुकान भाड्याने द्यायचं ठरलं होतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही सामान आवरायला गेलो. शटर वर केलं तर पाठोपाठ एक आजोबा पायरीवर येऊन बसले. सत्तरीच्या आतबाहेरचे, मराठवाड्यातले.

"चाचा कुठं हायेत?"

आम्ही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पायातली चप्पल काढून पुढे ठेवली. टायरच्या तळव्याची चप्पल, उजव्या पायाचा अंगठा तुटलेला. म्हणाले, "एकोणीस वर्षं झाली, चाचाच टाका घालायचे. तुमी घाला, मास्तर."

आम्हाला आरी कशी धरतात हेही ठाऊक नव्हतं. ते कबूल करायची लाज वाटली. आम्ही म्हणालो, "बाबा, ही आता टिकायची नाही. चला." कोपऱ्यावरच्या दुकानातून मऊ तळव्याचा नवा कोरा जोड घेऊन दिला. ते नको नको म्हणत होते. "ह्यालाच दोन टाके बास झाले असते," असं दोनदा म्हणाले. पैसे द्यायला कंबरेची पिशवी सोडली, ती आम्ही बांधायला लावली. सवाबचं काम झालं, अब्बांच्या नावाने झालं, या समाधानात रात्री झोपही चांगली लागली. जुना जोड दुकानातच राहिला.

आठवड्याने फोन आला. दुकानाच्या पाटीवरचा नंबर त्यांनी उतरवून घेतला होता. दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवरून बोलत होते. पंढरपूरला पोचलो, दर्शन झालं, म्हणाले. आम्ही पायाचं विचारलं. मग हळूहळू कळलं. तिऱ्हे सोडल्यावर टाच सोलली, कामतीला फोड आले, मंगळवेढ्यापासून पुढे टेम्पोत बसावं लागलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तक्रारीचा एक शब्द नाही. फक्त एवढंच म्हणाले, "मास्तर, माजा जुना जोड टाकू नगा."

आम्ही वर्गात भूगोल शिकवतो. अमेरिकेतल्या अॅपलाचियन वाटेबद्दल वाचलं होतं. सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट, तिचे वाटसरूही दर काही दिवसांनी जवळच्या गावात उतरतात, शिधा भरतात, कमी चालतात. अशा दिवसाला त्यांच्यात 'नियरो' म्हणतात, म्हणजे जवळजवळ शून्य चालीचा दिवस. पायाला न सरावलेले नवे बूट घालून लांब चालीला निघू नये, हे तिथल्या अनुभवी माणसांचंही सांगणं. पुस्तकातलं हे सगळं आम्हाला माहीत होतं. पायरीवर बसलेल्या माणसाच्या पायाकडे मात्र आम्ही पाहिलं नाही.

तो जुना जोड आम्ही उलटा करून पाहिला. उजवा तळवा बाहेरच्या कडेने झिजलेला, आणि नेमक्या तिथेच अब्बांनी टायरचा पातळ तुकडा ठोकलेला. एकावर एक, तीन थर. तीन वेगवेगळ्या वर्षांचे असावेत. त्या माणसाची चाल अब्बांनी वाचली होती. मुलांना वाचायला शिकवायचा पगार मात्र आम्ही घेतो.

दुकान भाड्याने दिलं नाही. घरात यावरून बोलणं झालं. महिन्याच्या महिन्याला येणारे पैसे सोडणं आमच्यासारख्यांना सोपं नाही. पेठेतल्या एका चर्मकार काकांकडे आम्ही रविवारी जाऊन बसू लागलो. पहिल्या महिन्यात आरी दोनदा बोटात गेली. आता टाका सरळ येतो. तुटलेला अंगठा बसवून तो जोड फळीवर ठेवला आहे. त्या आषाढीनंतर अजून दुसरी आलेली नाही.

येईल त्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकणार आहोत. आजोबा आले तर टाक्याचे पाच रुपये मागून घेऊ.