मिठाची शीग

मुलगा परदेशातून दिवाळीला आला, की त्याच्या बॅगेतून काय निघेल याचा नेम नसतो. गेल्या वर्षी निघाली एक चिमुकली बाटली, आत मीठ! मी म्हटले, "अरे, मीठ का चंद्रपुरात मिळत नाही?" तो म्हणाला, "आई, हे ट्रफलचं मीठ आहे." मग त्याने किंमत सांगितली. तेवढ्यात घरात कितीतरी दिवसांचा तांदूळ आला असता!

ट्रफल म्हणजे युरोपात ओकसारख्या झाडांच्या मुळांशी, जमिनीच्या पोटात वाढणारी बुरशी. ती डोळ्यांना दिसत नाही. डुकरे नि शिकवलेली कुत्री वासावरून हुडकतात. तिचे वाळलेले कण मिठात मिसळतात; पुष्कळदा वास मात्र प्रयोगशाळेतून आलेला असतो. हे मीठ शिजवायचे नाही, आचेने वास उडतो. पान वाढल्यावर वरून चिमूटभर टाकायचे. मी गरम भातावर तूप वाढले आणि चिमूट सोडली. आमचे हे दचकून म्हणाले, "अग, गॅस चालू राहिला की काय?" सगळे हसले. मला हसू आले नाही. त्या वासाच्या तळाशी ओली माती होती, आणि मी थेट आरमोरीला जाऊन पोचले होते.

वडील तिथे शाळामास्तर. तेव्हा तो मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. गडचिरोली १९८२ साली वेगळा झाला. पावसाची झड उघडून ऊन पडले, की रानात वारुळांवर सात्या निघत. वाळवी पालापाचोळा चावून जमिनीखाली त्यांची शेती करते. माणसाला ती अजून साधलेली नाही. विषारी टेकोडेही रानात उगवतात, म्हणून ओळखणारा डोळा हवा. तो डोळा असलेली एक गोंड बाई पळसाच्या पानांत सात्या बांधून आमच्याकडे आणी. पैसे घेत नसे, मीठ मागे. रान सगळे देते, मीठ तेवढे देत नाही. चारोळीसारखी मोलाची वस्तूसुद्धा व्यापारी मिठाच्या बदल्यात नेत, हे मला पुढे कळले.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. आई चुलीपाशी जवसाच्या तेलात कांदा परतत होती. तिने आतूनच सांगितले, "मीठ दे ग तिला. शिगोशीग भर." मी वाटी भरली आणि दुकानदार करी तशी तळहाताने शीग पाडली. केवढी माझी हुशारी! बाईने वाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "राहू दे, पोरी," एवढेच म्हणाली आणि मीठ पदरात बांधून निघाली.

मी मोठ्या ऐटीत आईला सांगितले. ती रागावली नाही. तिने कढई उतरवली, मिठाची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पळ. गाठ तिला." मी गावाच्या टोकापर्यंत धावले. पुढे पावसाची सर होती, रान होते, बाई नव्हती. त्या रात्री आईने आम्हांला भाजी वाढली. स्वतः घेतली नाही. पुढच्या पावसाळ्यात ती बाई आली नाही. न येण्याची कारणे शंभर असतील. मला एकच ठाऊक होते.

काळ पालटला. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आता सात्या रोख पैशांनी विकल्या जातात, भावही चढा असतो. मी घासाघीस करीत नाही. शेजारीण म्हणते, "तुम्ही भाव बिघडवता, हो!"

यंदा थोड्या सात्या उन्हात कडकडीत वाळवल्या, मिठाबरोबर कुटल्या आणि मुलाच्या त्या रिकाम्या बाटलीत भरल्या. वास त्या साहेबी मिठासारखा अंगावर येत नाही. भात कालवला की हळूच येतो. शेजारणीने थोडे मागितले. माझ्या नातीने छोटी वाटी भरली आणि वरून हात फिरवायला गेली. मी तिचा हात धरला.

"असू दे ग, शीग असू दे."

"अहो, एवढं कशाला?" शेजारीण म्हणाली.

मी काही बोलले नाही. वाटी सांडू नये म्हणून दारापर्यंत तिच्याबरोबर गेले.