अम्मांचं लाटणं

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही विठ्ठलवाडीला राहत होतो. तीन महिन्यांत आईच्या बांगड्या गेल्या, मग वाण्याने उधारी बंद केली. पलीकडच्या बराकीतल्या अम्मांना हे कुठून कळलं कोण जाणे, त्यांनी आईला बोलावून घेतलं.

अम्मा १९४८ साली कराचीहून बोटीने आलेल्या. युद्धात फौजेसाठी बांधलेली कल्याणची छावणी सिंधी निर्वासितांनी भरून गेली होती. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून संसार थाटलेले. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी पायाभरणी केली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. अम्मा मात्र शेवटपर्यंत 'कॅम्प'च म्हणत. रेशन मिळायचं तेव्हा पोट भरे, पण दिवस सरता सरत नसे, असं त्या सांगायच्या. पुढे रेशन थांबलं. शेजारणीला कुणीसं शिवणयंत्र दिलं. घरात दाणा नव्हता, तिने महिन्याभरात यंत्रच विकून खाल्लं.

हे त्या विसरल्या नव्हत्या. आईपुढे त्यांनी दहा किलो गहू ठेवले आणि वर पापड लाटायला एक लाटणं. "शिधा माझा. मजुरीतून आधी वाण्याचं फेड."

उडदाचं पीठ, भरड मिरी, पापडखार. तेलाचा हात लावून डांगर मुसळाने कुटायचं, की आईचे खांदे भरून येत. वाळलेला प्रत्येक पापड अम्मा दारातल्या उजेडात धरायच्या. मागचं बोट दिसलं नाही, तर पापड बाजूला आणि त्याचे पैसे कापलेले. पहिल्या आठवड्यात निम्मे बाजूला पडले. "गहू फुकट देते नि पापडाचे पैसे कापते, ही कसली बाई!" आई रडतच घरी आली. पैसे कापले जात होते म्हणूनच तिला शिधा घेताना मान खाली घालावी लागली नाही, असं मला आता वाटतं. तेव्हा मला अम्मांचा रागच आला होता.

बाबांची गिरणी पुन्हा उघडली नाही. दोनेक वर्षांनी आईने गहू परत नेले. अम्मांनी मुकाट्याने तोलून घेतले आणि त्याच दुपारी आणखी एका संपकऱ्याच्या बायकोला हाक मारली.

लाटणं तेवढं द्यायचं राहून गेलं. मधोमध झिजलंय, पोळी काही त्याने धड लाटली जात नाही.