भोवऱ्या, तुझा अनुस्वार

प्रिय भोवऱ्या,

जाळी गुंडाळून फेकलं की आरेवर गरगरतोस तो तू, आणि पुराच्या पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तळाशी ओढतोस तो तूच. बाळाच्या डोक्यावर केसांत बसलेला तू, बाजारात बैल पारखताना जाणता शेतकरी अंगावर शोधतो तोही तू. लाकूड, पाणी, केस. तिन्हींत सारखी आहे ती फक्त गिरकी. केसांतली तर जागीच थिजलेली, तरी लोकांनी तिला वेगळं नाव दिलं नाही.

तुझं मूळ संस्कृत 'भ्रम्' धातूत. अर्थ गोल फिरणं, भटकणं. फुलाभोवती घिरट्या घालतो तो भ्रमर. कपाळावर रुळणाऱ्या कुरळ्या बटेला संस्कृतात भ्रमरक म्हणत, म्हणजे केसांशी तुझं नातं जुनंच. प्राकृतात भ्रमराचा भमर झाला, हिंदीत भौंरा. भोवळ आणि भोवती तुझ्याच घरातल्या. 'भोवणं' म्हणजेही मुळात गोल फिरणं. आज आपण म्हणतो, 'त्याला ते चांगलंच भोवलं'. केलेलं फिरून करणाऱ्याच्याच अंगावर येतं, असा अर्थ मला त्यात दिसतो, आणि त्याचं फार अप्रूप वाटतं.

पण हे पत्र आहे ते तुझ्या डोक्यावरच्या टिंबासाठी. जुन्या पुस्तकांत तू 'भोंवरा' असा छापलेला असतोस. तो अनुस्वार शोभेचा नव्हता. भ्रमरातल्या 'म'चा झिजून 'व' झाला, पण त्याचा नाकातला सूर तेवढा मागे राहिला. 'ग्राम'चं गांव आणि 'नाम'चं नांव होताना हेच घडलं. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात न उरलेले अनुस्वार काढून टाकले. लिहिणाऱ्यांचं ओझं उतरलं, ते बरंच झालं. माझं भांडण नियमाशी नाही. टिंब गेलं आणि ते कशाचं होतं हे सांगणंही थांबलं, याचं मला वाईट वाटतं.

गोव्यात तुझं गोत अजून नांदतंय. कोकणीत भोंवप म्हणजे आजही फिरणं, सहल म्हणजे भोंवडी, आणि तिथे तो सूर नाकातून स्वच्छ ऐकू येतो. आपल्या मराठीच्या तासाला शिक्षकांनी एकदा भोवरा, गाव, नाव हे शब्द जुन्या अनुस्वारांसकट फळ्यावर लिहावेत आणि शेजारी भ्रमर, ग्राम, नाम मांडावेत. पाच मिनिटं पुरतील.

तुझा,
एक मराठी वाचक