उशाशी मीटर

आमची खोली बिबवेवाडीत, अप्पर इंदिरानगरला. पलंगाचे उसे ज्या भिंतीला, तिच्या पलीकडे बोळात आठ खोल्यांचे वीजमीटर एका फळीवर ठोकलेले. दोन वर्षांपूर्वी माझी झोप गेली. रात्री दोनला जाग यायची, ती नळाला पाणी येईपर्यंत डोळे टक्क उघडे. सकाळी चार घरची धुणीभांडी. एकदा गरम कुकर हातातून निसटला. बाईंचे लहान बाळ तिथेच रांगत होते. थोडक्यात वाचले.

शेजारणी म्हणाल्या, "वहिनी, मीटरच्या लहरी लागतात." एकजण दारावर येऊन लहरी शोषणारी पट्टी बाराशेला विकून गेला. उशीखाली ठेवली, फरक शून्य. माझ्या आजीने १९५६ साली दीक्षा घेतल्यावर घरातले ताईत-गंडे फेकून दिले होते, आणि नात पैसे मोजून नवा ताईत घेऊन बसली!

माझा भाचा वायरमन आहे. तो हसला. "मावशी, तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतेच. भिंत ते अडवत नाही, मग ही पट्टी काय अडवणार? पण जरा लांब सरकले की ते झपाट्याने कमी होते." त्याने पलंग फिरवून उसे समोरच्या भिंतीला केले. खर्च काही नाही.

मुलीने वाचून सांगितले ते असे. २००२ साली कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संस्थेने या क्षेत्राला 'कदाचित घातक' म्हटले, ते लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरून. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सगळे अभ्यास तपासले. घरातल्या विजेने झोप जाते असे म्हणण्याइतका पुरावा तिला मिळाला नाही. बिनखर्चाची काळजी घ्यायला मात्र हरकत नाही.

पलंग फिरवला, तरी दोनला जाग येतच राहिली. अंगातून वाफ निघाल्यासारखे व्हायचे, पोलके घामाने भिजायचे. हे म्हणायचे, ताप आहे. शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाळी शेवटची कधी आली?" मी खाली मान घातली. आठ महिने झाले होते. वय अठ्ठेचाळीस. रक्तही कमी निघाले. लोह कमी पडले की पाय वळवळतात, झोप मोडते, हेही तेव्हाच कळले.

मीटरचे गाऱ्हाणे चारचौघांत मोठ्याने सांगता येते, पाळी जाण्याचे नाही. म्हणून तर आमच्या बोळात सगळ्याजणींना मीटरच लागतो. गोळ्या चालू आहेत. पहाटेचे पाणी आता हे भरतात. आधी कुरकुरले, पण भरतात. झोप पुरती आली नाही, चार तास सलग मिळते.

परवा शेजारीण पट्टीचा भाव विचारायला आली. तिचे डोळे पाहूनच ओळखले. म्हटले, "बस आधी. रात्री घाम येतो का गं?" तिने उठून दार लोटून घेतले.