गहाण घराच्या आधीची गोष्ट

बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांस,


कोल्हापुरात तुमचं नाव निघालं की पाठोपाठ घर निघतंच. 1952 साली हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते आणि त्यांच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी, म्हणजे तुम्ही, घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. 23 जुलैला खाशाबांनी 57 किलो गटात कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे कुस्त्या मारून त्यांनी तुमचे पैसे फेडले. भाषणात ही गोष्ट हमखास टाळ्या घेते. मला ऐकताना थोडी लाज वाटते. देशासाठी निवडलेल्या पैलवानाच्या तिकिटाला एका शिक्षकाचं घर का लागावं?

त्याआधीची तुमची एक गोष्ट मला जास्त मोठी वाटते. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धा होत्या. गोळेश्वरचं खाशाबा नावाचं हे बुटकेलं, किरकोळ दिसणारं पोर क्रीडाशिक्षकांना पैलवान वाटेना. त्यांनी नाव घेतलं नाही. पोरगं थेट तुमच्या दारात. तुम्ही त्याला खेळू दिलंत, आणि त्यानं स्वतःपेक्षा धिप्पाड गडी आस्मान दाखवून पाठवले. 1948 ला हेच पोर लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावं आलं.

घर गहाण टाकायला छाती लागते, कबूल. पण ते आयुष्यात एकदाच. आपल्याच माणसानं नाकारलेलं नाव पुन्हा यादीत घालायचं, तेही ज्याच्या मागे कुणी नाही अशा पोरासाठी, हे काम प्राचार्याला दरवर्षी करता येतं. बहुतेक जण करत नाहीत.

आता ती यादी पुढे नेणाऱ्या माणसाकडे बघा. अमेरिकेत महाविद्यालयीन वॉटरपोलोसारख्या आडबाजूच्या खेळालाही पगारी कमिशनर असतो. सामन्यांचं वेळापत्रक, पंच, खेळाडूंची पात्रता हीच त्याची नोकरी. वॉटरपोलोची आंतरविद्यापीठ स्पर्धा आपल्याकडेही पोहण्याच्या स्पर्धांसोबत होते. पण पाण्यात उतरवायला सात गडी आणि वर बदली खेळाडू जमवायचे, पात्रतेचे फॉर्म भरायचे, टीए-डीएची बिलं ऑफिसात पुढे सरकवायची, हे सगळं कॉलेजच्या जिमखाना प्रमुखाच्या गळ्यात. झोनल, इंटरझोनल, मग विद्यापीठाचा संघ, प्रत्येक पायरीवर कागद. एक सही राहिली की पोराचं वर्ष गेलं. पोरगं पदक घेऊन आलं तर फोटोत प्राचार्य, संस्थेचे अध्यक्ष, झालंच तर आमदार. जिमखान्याचे सर कडेला, अर्धे कापलेले.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक घेतलं. खाशाबांनंतर महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला 72 वर्षं गेली. स्वप्नीलच्या पाठीशी रेल्वेची नोकरी तरी होती. या मधल्या काळात वार्षिक स्पर्धेच्या यादीतच किती नावं गळाली, त्याची कुणी मिरवणूक काढत नाही.

शिवाजी विद्यापीठानं ग्रंथालयाला तुमचं नाव दिलंय. वाईट काहीच नाही, बॅरिस्टर माणसाला शोभतंच. पण साहेब, मला विचारलं असतं तर मी जिमखान्याला दिलं असतं. ग्रंथालयवाले रागावले असते. रागावू देत.

आपला,
एक कोल्हापूरकर