रतीब

आम्ही मूळचे मुलाणी. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेच्या दिवशी बोकडाच्या मानेवर सुरी फिरवायचा मान आमच्या घराकडे. देव गावाचा, बोकड नवस बोलणाऱ्याचा आणि बिस्मिल्ला आमची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुढे अब्बांनी गाव सोडलं आणि दहिसरला, पूर्वेच्या अंगाला मटणाचं दुकान टाकलं. आम्ही भावंडं त्या दुकानामागच्या दोन खोल्यांत वाढलो. शाळेत म्हणी शिकवताना 'कसायाला गाय धार्जिणी' ही म्हण फळ्यावर आली की सगळा वर्ग वळून आमच्याकडे बघायचा. गुरुजींच्या मनात काही नसायचं, पण कसायाच्या घरात जनावराची माया कुठून असणार, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला तो लागलाच.

अब्बांचे नियम मोजकेच होते. जनावराला पाणी पाजल्याशिवाय सुरीला हात लावायचा नाही. त्याच्यासमोर सुरीला धार लावायची नाही. एकाच्या देखत दुसरं कापायचं नाही. दुकानात माल देवनारहून यायचा, त्यामुळे हे नियम आम्ही शिकलो ते गावी आणि बकरीदेच्या दिवसांत. ईदेच्या आधी आणलेल्या बकऱ्यांना पाला टाकायला अब्बा आम्हाला फजरच्या आधी उठवत. 'दोन दिवसांनी कापायचाच आहे, एक वेळ राहिला उपाशी तर काय झालं' असं आमच्यापैकी कुणी झोपेत पुटपुटलं तर त्यांचा चेहरा बदलायचा. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आमच्या कानी ती पहिल्यांदा पडली ती मौलवींच्या बयानात नव्हे, बकऱ्यांच्या लेंड्या झाडताना.

दहिसर म्हणजे मुंबईचा शेवट, असं बाकीची मुंबई समजते. चेकनाका ओलांडला की संपलं. आमच्या लेखी मात्र ते जंगलाचं दार. तुळशी तलावाकडून उतरणारी दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून वाहत येते आणि आमच्या वस्तीत शिरेपर्यंत तिचा नाला होतो. केतकीपाड्याची शेवटची घरं जिथे संपतात तिथे डोंगर सुरू होतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण एकशे तीन चौरस किलोमीटरचं, आणि २०१५ साली जंगलात कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत तिथे आणि आसपास पस्तीस बिबटे आढळले. गावाकडे आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो. तो गावी उसात आणि दहिसरला डोंगरात, म्हणजे आमच्या दोन्ही घरांचा शेजारी.

हे शेजारपण किती खरं आहे, ते एका बिबट्याने चालून दाखवलं. २००९ साली अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ तो विहिरीत पडला. बाहेर काढल्यावर वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा घातला आणि त्याला माळशेजच्या जंगलात सोडलं. वयस्क दिसत होता म्हणून त्याचं नाव पडलं 'आजोबा'. महिन्याभरात हे आजोबा शंभराहून जास्त किलोमीटर चालले. शेतं, रेल्वेचे रूळ, महामार्ग, वसईची खाडी ओलांडली आणि आले कुठे, तर आमच्या राष्ट्रीय उद्यानात! वाटेत त्यांनी कुणा माणसाला इजा केली नाही. पुढे २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर गाडीच्या धडकेने ते गेले. २०१४ साली त्यांच्यावर सिनेमाही निघाला. आमच्या दादीला ही हकीकत सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'आपल्याच वाटेने आला की तो.' गाव सोडून मुंबईत येणाऱ्याला आमच्या घरात कुणी परका म्हणत नाही.

सगळ्यांच्या नशिबी मात्र अशी वाट नसते. कुणी तारेच्या फासात पाय गमावलेला, कुणी गाडीखाली कंबर मोडलेला, कुणी आईविना सापडलेला बछडा, कुणावर माणूस मारल्याचा संशय. अशांसाठी उद्यानात बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. माणिकडोहला, आमच्या जुन्नरजवळ, असंच दुसरं आहे. केतकीपाड्याचं आमचं एक गिऱ्हाईक अशा पिंजऱ्यांच्या कामावर होतं. रविवारी पावशेर खिमा न्यायला यायचं आणि तासभर बोलत बसायचं. बोलायचं ते वाघाच्या रुबाबाबद्दल नव्हे, त्याच्या शेणाबद्दल. सकाळी गेल्यावर पहिलं काम म्हणजे काल टाकलेलं मांस किती उरलं आणि शौच कशी झाली ते बघायचं. जनावर आजारी आहे हे तोंडावर दिसायच्या आधी तिथे दिसतं. मग त्याला आतल्या खोलीत घ्यायचं, सरकतं दार लावायचं, कुलूप ओढून बघायचं, आणि मगच बाहेरचा भाग धुवायला जायचं. दोन दारं एका वेळी उघडी, असं आयुष्यात एकदाच होतं, असं तो हसत सांगायचा. मग पाणी, मग चुना, मग मांस तोलून. आठवड्यातून एक दिवस मांस बंद, फक्त पाणी, कारण जंगलात तरी रोज शिकार कुठे मिळते! आमचा धाकटा भाऊ यावर म्हणायचा, 'म्हणजे वाघसुद्धा रोजा धरतो.' गिऱ्हाईक मान हलवायचं, 'धरतो, पण त्या दिवशी आमच्याकडे बघतो ना, ते तुम्ही बघायला पाहिजे.'

बछड्यांचं काम त्याहून नाजूक. डोळे न उघडलेलं पिल्लू स्वतःच्या मनाने लघवीसुद्धा करू शकत नाही. आई जिभेने चाटते तेव्हा होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस घेऊन माणसाने ते करायचं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध पाजण्याच्या आधी आणि नंतर. आमच्या गिऱ्हाइकाची बोटं कामाने दगडासारखी झाली होती. त्या बोटांनी हे कसं होत असेल, असं आम्हाला नेहमी वाटायचं. आणि इतकं करूनही लाड करायचे नाहीत. ज्याला पुन्हा जंगलात जायचं आहे, त्याला माणसाच्या आवाजाची गोडी लागता कामा नये. आमच्या अम्मीला हे ऐकून सगळ्यात जास्त वाईट वाटलं. 'दूध पाजायचं आणि बोलायचं नाही? हे कसलं नशीब!'

२०२५ च्या ऑक्टोबरात जेन गुडॉल वारल्या तेव्हा आमच्या भाचीने त्यांच्यावरचा एक माहितीपट आम्हा सगळ्यांना बसवून दाखवला. आफ्रिकेतल्या काँगोमध्ये १९९२ पासून त्यांच्या संस्थेचं चिंपांझींचं अनाथालय चालू आहे. झांबियात चिमफुन्शी नावाचं दुसरं एक आहे. सिडल नावाचं नवराबायकोचं जोडपं तिथे गुरं पाळून होतं. १९८३ साली शिकाऱ्यांकडून सोडवलेलं एक जखमी पिल्लू त्यांच्या दारात आलं आणि गुरांच्या त्या रानाचं हळूहळू चिंपांझींचं घर झालं. आम्हाला नवल वाटलं ते याचं की तिथेही गोष्ट मांसापासून सुरू होते. आईला मांसासाठी मारतात, पाठीला चिकटलेलं पिल्लू उरतं, ते बाजारात विकायला येतं. चिंपांझीचं पोर चार-पाच वर्षांचं होईतो आईचं दूध पितं. म्हणून या अनाथालयांत बायका कामाला असतात. पिल्लू दिवसभर त्यांच्या अंगावर लटकलेलं असतं, आणि ते छातीशी धरूनच त्या बाकीची कामं उरकतात. चिंपांझी पन्नास-साठ वर्षं जगू शकतो. म्हणजे जिने छातीशी धरलं, ती म्हातारी होऊन गेली तरी तो उरतो. त्याला फळं, लापशी, पाणी द्यायला पुढची पिढी लागते.

आपल्याकडे हेमलकशाला प्रकाश आमट्यांचं प्राण्यांचं अनाथालय असंच सुरू झालं. त्यांचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा. माडिया शिकारी मारलेली माकडीण घेऊन चालले होते आणि पिल्लू तिच्या अंगाला तसंच चिकटलेलं होतं. आमट्यांनी ते मागून घेतलं. शिकाऱ्यांना त्यांनी राक्षस म्हटलं नाही, हे आम्हाला फार मोठं वाटतं. भुकेला माणूस मांस खातो. त्याची भूक कशी भागेल तेही त्यांनी पाहिलं आणि पिल्लाचीही सोय केली.

अनाथालय म्हटलं की लोकांना बाटलीने दूध पिणारं पिल्लू आठवतं. पण पिल्लू वर्षा-दीड वर्षात मोठं होतं आणि मग उरतो तो रतीब. हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. आपण तो दुधाला लावतो. उर्दूत रातिब म्हणजे जनावराचा रोजचा बांधलेला खुराक. पाळलेला वाघ दिवसाला सात-आठ किलो मांस खातो, बिबट्या दोन-तीन किलो. पिंजऱ्यातला बिबट्या वीस वर्षंही काढतो. हिशोब आम्ही दुकानाच्या वहीत एकदा करून पाहिला आणि अब्बांनी वही मिटून ठेवली. नुसतं मऊ मांस देऊनही भागत नाही. हाड नसेल तर बछड्यांचे पाय वाकतात. कलेजी हवी, पण रोज नको. खाटकाच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. सीना कुणाला, रान कुणाला, पाया कुणाच्या म्हाताऱ्या आईला, हेच तर आम्ही दिवसभर बघतो.

आता २०१५ सालची गोष्ट. ४ मार्चपासून राज्यात बैल आणि वळू कापायला बंदी झाली. म्हशी-रेड्याला बंदी नव्हती, पण बाजारच विस्कटला. देवनारच्या व्यापाऱ्यांनी निषेध म्हणून काम थांबवलं, आणि बोरिवलीच्या वाघसिंहांना कोंबडीवर दिवस काढावे लागत असल्याच्या बातम्या आल्या. आमच्या मामूंचं मोठ्याच्या मांसाचं दुकान होतं. त्यांनीही त्याच महिन्यात शटर अर्धं ओढून कोंबडीचे पिंजरे मांडले. मामू आणि वाघ एकदमच कोंबडीवर आले, असं आम्ही हसत म्हणायचो. मामू हसत नव्हते. ते म्हणाले, 'बेटा, वाघाला नवं मांस कुठून आणायचं याची चिंता करायला साहेब आहेत.' पुढे वाघांची सोय लागली. मामूंचं दुकान पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही. पण त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी एक गोष्ट छापली, ती आम्हाला अजून लक्षात आहे. पिंजऱ्यातल्या जनावरांचं पोट देवनारच्या कसायांच्या हातावर चालतं, हे मुंबईला पहिल्यांदाच कळलं.

२०२२ च्या दिवाळीत, ऐन सणाच्या पहाटे, आरे कॉलनीत बिबट्याने सव्वा वर्षाची मुलगी नेली. त्यानंतर पिंजरे लावून बिबटे धरले गेले. आमचं जुनं गिऱ्हाईक तोवर कामातून सुटलं होतं. दुकानात आलं तेव्हा आम्ही त्याला सरळच विचारलं, अशा जनावराला पाणी ठेवताना हात कापत नाही? त्याच्या घरात तेव्हा त्या मुलीएवढी नात होती. तो बराच वेळ ठोकळ्यावरच्या खिम्याकडे बघत राहिला. 'कापतो,' तो म्हणाला. 'पण तहान त्यालाबी लागतेच ना.' मग त्याने पैसे मोजले आणि नातीसाठी म्हणून थोडी कलेजी वेगळी बांधून मागितली. अब्बांनी तिचे पैसे घेतले नाहीत. आम्ही अब्बांना दुकानात उधारी देताना पाहिलं होतं, फुकट देताना क्वचितच.

गावाकडे ऊसतोड लागली की दरसाल कुणाच्या ना कुणाच्या फडात बछडी सापडतात. बिबटीण उसातच विते. पूर्वी लोक ती उचलून पोत्यात घालून आणायचे. आता तसं करत नाहीत. वनखात्याची माणसं आणि माणिकडोहचे डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी जिथे सापडली तिथेच खोक्यात ठेवतात. आईला वास लागतो. रात्री ती येते आणि एकेक तोंडात धरून नेते. फार थोडी माया लागते या कामाला, फक्त लांब बसून राहायचं. आमच्या चुलत्यांच्या फडात दोन पिल्लं निघाली तेव्हा आम्ही गावीच होतो. थंडी मरणाची. तोडणीवाल्या बायकांनी कोयते खाली ठेवले, पोरांना घेऊन खोपीत गेल्या. एका दिवसाची तोड बुडाली तरी कुणी कुरकुर केली नाही. चाचा खोक्याकडे जाऊ नका म्हणून बांधावर उभे राहिले आणि स्वतःच दहा वेळा बॅटरी मारून बघत होते.

त्या रात्री बिबटीण आली. एक नेलं. दुसऱ्यासाठी ती परतली नाही, दुसऱ्या रात्रीही नाही, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी गाडी आली आणि उरलेलं पिल्लू माणिकडोहला गेलं. चाचांनी जाताना डॉक्टरांना विचारलं, 'याला दूध कुठलं देणार?' डॉक्टरांनी सांगितलं, आधी बकरीचं देऊन बघू. चाचा घरी आले, गोठ्यातल्या शेळीला पेंड घातली आणि चाचीला म्हणाले, उद्यापासून एक तांब्या बाजूला काढ, कुणी मागायला आलं तर असावं.