बागेचे फाटक

सावलीचे मोल ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्याने मे महिन्यात रायपूरला यावे. दुपारी पारा चव्वेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, गरम वाऱ्याच्या झळा तोंडावर येतात आणि रस्त्याचे डांबर चपलेखाली मऊ लागते. अशा वेळी झाडाखालची चार हात जागा ही चैनीची वस्तू राहत नाही. ती पाण्याइतकीच गरजेची होते.

या शहरातील पंडरी भागात माझे आयुष्य गेले. पंडरी म्हणजे कापडबाजार. येथे कापडाच्या गाठी उतरतात आणि छत्तीसगडच्या लहानमोठ्या गावांकडे रवाना होतात. जिल्हा रुग्णालय याच भागात आहे. शहराचे मोठे बसस्थानकही पूर्वी येथेच होते. २०२१ साली ते भाठागावला गेले. नागपूरकर भोसल्यांची सत्ता १८५४ पर्यंत छत्तीसगडावर होती, त्यामुळे या प्रदेशाला मराठी माणूस नवखा नाही. आमचे पूर्वजही नागपूरकडूनच आले. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशा तीन भाषांत आमचा दिवस सरतो.

आमच्या वस्तीत एक लहानशी सार्वजनिक बाग आहे. तीन कडुनिंब, एक करंज आणि पार बांधलेला एक पिंपळ, एवढेच तिचे वैभव. परंतु या बागेत दिवसातून तीन वेळा निराळी वस्ती नांदत असे. पहाटे फिरायला येणारी वडीलधारी मंडळी, संध्याकाळी मुले आणि त्यांच्या आया. या दोहोंच्या मध्ये, भर दुपारी, तिसरी वस्ती येई. पाठीवरून गाठी वाहणारे हमाल तेथे शिदोरी सोडत, दुकानांतील नोकर घटकाभर पाठ टेकत, रुग्णालयात आपला माणूस ठेवून आलेले खेड्यातील नातेवाईक पारावर बसून राहत. या तिसऱ्या वस्तीची दखल मात्र कोणी फारशी घेत नसे.

माझा या वस्तीशी संबंध शिकवण्यामुळे आला. शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी दुपारी कडुनिंबाखाली बसू लागलो. साड्यांच्या दुकानात घड्या घालण्याचे काम करणारी पस्तिशीची एक बाई एकदा वही घेऊन आली. तिची शाळा सातवीतच सुटली होती. मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा द्यावी, अशी तिची इच्छा होती. पण रात्री घरकाम आणि दिवसा दुकान. तिच्या हाती वेळ होता तो फक्त जेवणाच्या सुटीचा. हळूहळू आणखी चारपाच जण येऊ लागले. आमचा वर्ग असा झाडाखाली भरला. त्याला ना फळा होता, ना घंटा.

पुढे बागेची अवकळा झाली. कुंपणाची भिंत एका पावसाळ्यात खचली, दिवे गेले, कारंज्याच्या हौदात कचरा साठला. अंधार पडल्यावर तेथे जुगाराचे अड्डे बसू लागले आणि बायकामुलांनी संध्याकाळचे येणे सोडले. वस्तीतील लोकांनी अर्ज केले, खेटे घातले, तेव्हा कोठे नूतनीकरणाचे काम मंजूर झाले. बागेभोवती पत्रे ठोकले गेले. दोन उन्हाळे ते तसेच राहिले.

मूळ आराखड्यात रंगीत दिव्यांच्या कारंज्यासाठी एक कडुनिंब तोडायचे योजले होते. वस्तीतील स्त्रियांनी त्याला हरकत घेतली. कारंजे दोन वर्षांत उभे राहते, कडुनिंबाला तीस वर्षे लागतात, हा त्यांचा साधा हिशेब होता. अखेर कारंजे लहान झाले आणि पायवाट झाडाला वळसा घालून गेली. जुन्याचा जीव राखून त्याला नवे रूप देता येते, याचे मोठे उदाहरण मुंबईत आहे. १८६२ साली सुरू झालेल्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय, आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, फार जीर्ण झाले होते. २००३ पासून त्याची निगुतीने दुरुस्ती झाली आणि २००८ साली ते पुन्हा लोकांसाठी उघडले. नवी इमारत बांधणे कदाचित सोपे गेले असते. परंतु जुनी वास्तू तिच्या मूळ रूपात परत मिळाली.

आमची बाग उघडली तो दिवस सणासारखा होता. फाटकाला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या होत्या, दारात रांगोळी होती. ज्येष्ठ मंडळींच्या हस्ते नारळ फुटला. मुलांनी घसरगुंडीवर रांग लावली आणि ती रांग लगेच मोडलीही. कित्येक वर्षांनी स्त्रिया दिवे लागल्यानंतरही निवांत बसल्या. मला स्वतःला फार समाधान वाटले. एखादी सार्वजनिक वस्तू बिघडते, तेव्हा ती आता अशीच राहणार, असे आपण धरून चालतो. ती पुन्हा नीट झालेली पाहणे हा नागरिकाच्या वाट्याला क्वचित येणारा आनंद आहे.

परंतु फाटकाजवळ एक नवी पाटीही लागली होती. बाग सकाळी पाच ते दहा आणि संध्याकाळी चार ते नऊ उघडी राहील, असे तीवर लिहिले होते. दुपारी कुलूप! चौथ्या दिवशी भर उन्हात मी तेथून गेलो, तेव्हा हमाल बाहेरच्या बाजूला, भिंतीच्या वीतभर सावलीत अंग चोरून बसले होते. आत तिन्ही कडुनिंबांच्या सावल्या हिरवळीवर मोकळ्या पडल्या होत्या. आमचा वर्ग त्या दिवशी भरला नाही. ती बाई वही छातीशी धरून दुकानाकडे परत गेली. तिची परीक्षा दीड महिन्यावर होती.

वस्तीच्या बैठकीत हा विषय निघाला. कुलपाची बाजू घेणारे वाईट लोक नव्हते. त्यांनी बागेसाठी दोन वर्षे पायपीट केली होती. दुपारी गर्दी झाली तर हिरवळ तुडवली जाईल, गुटख्याच्या पिचकाऱ्या उडतील, पुन्हा जुगार बसेल, ही त्यांची भीती अनुभवातून आलेली होती. एकच रखवालदार दिवसभर कसा पुरणार, हा प्रश्नही खरा होता. उलट बाजूने रुग्णालयातील नातेवाइकांचा, हमालांचा आणि आमच्या वर्गाचा विषय निघाला. बराच वेळ दोन्हीकडून बोलणे झाले. मग मागे उभा असलेला एक वयस्क हमाल पुढे आला आणि छत्तीसगढीत म्हणाला, "छाँव तो सबके हवय, बाबूजी." सावली तर सर्वांचीच आहे. एवढे बोलून तो थांबला नाही. दुपारी बाग उघडी ठेवाल तर झाडलोट आम्ही करू आणि झाडांना पाणीही घालू, असे त्याने सांगितले.

सार्वजनिक बागेची कल्पनाच मुळी या विचारातून जन्मली आहे. पूर्वी उद्याने राजांची आणि सरदारांची असत. १८४७ साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ बर्कनहेड येथे लोकांच्या पैशातून उभारलेली बाग सर्वांसाठी खुली झाली. तीन वर्षांनी फ्रेडरिक ओल्मस्टेड नावाचा एक अमेरिकन तरुण ती पाहायला गेला. श्रीमंतांइतकाच गरिबांचाही त्या बागेवर हक्क आहे, हे पाहून तो प्रभावित झाला. पुढे न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क घडवणाऱ्या दोघांपैकी तो एक होता. आमचा हमाल बर्कनहेडला कधी गेला नव्हता. पण जी गोष्ट ओल्मस्टेडला समुद्र ओलांडून समजली, ती याला गाठी वाहता वाहता समजली होती.

बैठकीत असे ठरले, की उन्हाळाभर दुपारीही फाटक उघडे ठेवून पाहावे. हमालांनी पाळ्या लावल्या. बाजारातील दोन दुकानदारांनी पाण्याचे माठ दिले. तंबाखू खाणाऱ्याने आत येऊ नये, हा नियम हमालांनी स्वतःच केला आणि तो मोडणाऱ्याला तेच बाहेर काढू लागले. हिरवळ थोडी तुडवली गेली, हे खरे आहे. एक नळही कोणी मोडला. त्याचा खर्च वर्गणीतून भागवला. जुगार मात्र परतला नाही. कारण ज्या जागेत दिवसभर माणसे असतात, तेथे अंधाराचा धंदा करणाऱ्यांना आडोसा मिळत नाही.

उन्हाळा संपला, तरी फाटकाला दुपारचे कुलूप पुन्हा लागले नाही. दर वर्षी कोणी ना कोणी तो विषय काढतो आणि दर वर्षी त्यावर पुन्हा बोलावे लागते. मला त्यात गैर वाटत नाही. बाग एकदा बांधून होते. पण ती सर्वांची राहावी, हे काम मात्र दर वर्षी नव्याने करावे लागते.

साड्यांच्या घड्या घालणारी ती बाई दहावी उत्तीर्ण झाली. जुन्या वेळेची पाटी बदलायची वेळ आली, तेव्हा नवा मजकूर लिहून देण्याचे काम वस्तीने तिच्याकडे सोपवले. तिने हिंदीत दोनच ओळी लिहिल्या. पहिलीत वेळ होती. दुसरीत 'भीतर आइए' एवढेच शब्द होते.